दुर्बिणीतून सूर्य बघताना दिशा कशा ओळखायच्या? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शाळेच्या मैदानात दोन-तीन दुर्बिणी शेजारी-शेजारी लावल्या की हमखास एकच गोष्ट होते. एकीत सूर्यावरचा डाग वर डावीकडे, दुसरीत वर उजवीकडे, तिसरीत पार खाली, आणि मग पोरांची ओरड सुरू, "भो, सूर्य उलटा दिखी ऱ्हायना!" कोणतीच दुर्बीण बिघडलेली नसते, प्रत्येकीत आरसे आणि भिंगं वेगळी असतात म्हणून चित्र वेगळं पडतं, एवढंच. त्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र देतोय.

आधी सांगा, दुर्बिणीतून सूर्य बघायचा म्हणजे नेमकं काय लावायचं?

सोलर फिल्टर, आणि तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे सूर्याकडे असलेल्या बाजूला. पूर्ण तोंड झाकलं गेलं पाहिजे आणि वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसला पाहिजे. आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, लावायची ती छोटी काळी 'सन' काच काही जुन्या दुर्बिणींबरोबर येते, ती सरळ फेकून द्या, उष्णतेने तडकते आणि तडकली की डोळा गेला. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, यातलं काहीही चालत नाही. फाइंडरला (नेम धरायच्या बाजूच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण लावा नाहीतर तो काढूनच ठेवा, कारण लहान मुलं आधी तिथेच डोळा लावतात. खालचं सगळं हे पाळलंय असं धरूनच लिहिलंय.

मग खरा सूर्य कोणता? कोणत्या दुर्बिणीतलं बरोबर?

ग्रहणाचा चष्मा लावून नुसत्या डोळ्याने बघाल तो सरळ. हिवाळ्यात दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, सूर्याची उत्तर कड वर, दक्षिण खाली, पूर्व डाव्या हाताला, पश्चिम उजव्या हाताला. इथे पूर्व डावीकडे येते म्हणून लोक गोंधळतात, पण आपण आभाळाकडे बघतोय, जमिनीच्या नकाशाकडे नाही. बाकी सगळ्या दुर्बिणींचं चित्र या सरळ चित्राशी ताडायचं.

कोणत्या दुर्बिणीत काय दिसतं ते एकदा सांगून टाका.

भिंगाची दुर्बीण, म्हणजे रिफ्रॅक्टर, आणि मागून सरळ आयपीस लावला असेल तर चित्र १८०° फिरलेलं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. त्याच दुर्बिणीला काटकोनातला स्टार डायगोनल (प्रकाश बाजूला वळवणारा आरसा) लावला (आणि आपण सगळे लावतोच, नाहीतर मान मोडते) की वर-खाली सरळ होतं पण डावं-उजवं उलटं राहतं, म्हणजे आरशातला सूर्य. हर्शेल वेज वापरणाऱ्यांचंही हेच, तो काचेच्या एका पृष्ठभागावरून थोडासा प्रकाश परावर्तित करून देतो, म्हणजे एक आरसाच झाला. वेज फक्त रिफ्रॅक्टरला लावायचा, बाकी कशालाही नाही.

न्यूटोनियन, म्हणजे शाळांमध्ये असते ती ११४ किंवा १३० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण किंवा डॉब्सोनियन, हिच्यात दोन आरसे. चित्र फिरलेलं असतं पण आरशातलं नसतं, आणि किती फिरलेलं ते तुम्ही नळीच्या कोणत्या बाजूला उभे राहून कसे वाकलात त्यावर ठरतं. त्यामुळे 'न्यूटोनियनमध्ये उत्तर खाली असते' असं कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकून घ्या पण वहीत लिहू नका. श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्हमध्ये आतले दोन आरसे आणि वर डायगोनल, म्हणजे तीन, परत आरशातला सूर्य. ४५° चा इरेक्ट प्रिझम लावला किंवा बायनॉक्युलर घेतली (दोन्ही तोंडांना फिल्टर लावून, एकाला नाही) तर सगळं सरळ दिसतं.

एकच हिशोब लक्षात ठेवा, आरसे मोजा. सम असतील तर चित्र फार तर फिरलेलं असेल, विषम असतील तर डावं-उजवं पालटलेलं असणारच.

फिरलेलं काय आणि पालटलेलं काय, फरक पडतो का?

खूप पडतो. फिरलेलं चित्र कागद फिरवून सरळ करता येतं. पालटलेलं चित्र कितीही फिरवा, सरळ होत नाही, ते कागद उलटून पाठीमागून उजेडात धरूनच बघावं लागतं. तपासायची रीत सोपी आहे, चित्रातली उत्तर वर धरा, पूर्व डावीकडे आली तर नुसतं फिरलेलं, उजवीकडे आली तर पालटलेलं. शाळेतली मुलं रोज डाग काढतात आणि आठवड्याने बघतात तर एका वहीत डाग डावीकडून उजवीकडे चाललाय आणि दुसऱ्या वहीत उजवीकडून डावीकडे, दोघांची मेहनत खरी, फक्त एकाकडे डायगोनल होता. मेहनत वाया जाऊ द्यायची नसेल तर दिशा लिहायलाच हव्यात.

पण उत्तर-पूर्व कळणार कशी? सूर्यावर काही लिहिलेलं नसतं.

आधी पश्चिम शोधा. दुर्बीण सूर्यामागे फिरवणारी मोटर असेल तर बंद करा, डॉब्सोनियनला तर प्रश्नच नाही, आणि दुर्बिणीला हात न लावता नुसतं बघत राहा. पृथ्वी फिरते म्हणून सूर्य आयपीसमधून हळूहळू सरकत बाहेर जातो, ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम, जी कड सगळ्यात आधी बाहेर गेली ती सूर्याची पश्चिम कड आणि शेवटी राहिली ती पूर्व. सूर्याचा व्यास सुमारे ३२ कलांचा (६० कला म्हणजे १°) आणि आकाश दर ४ मिनिटांना १° सरकतं, म्हणजे पूर्ण सूर्य आपल्या स्वतःच्या रुंदीइतका सरकायला साधारण २ मिनिटं घेतो. एवढा धीर धरायचा. ही युक्ती कोणत्याही दुर्बिणीत, कितीही आरसे असू देत, प्रतिमा पाडलेल्या (प्रोजेक्शनच्या) कागदावर आणि मोबाईलच्या स्क्रीनवरसुद्धा चालते, म्हणून मी कुणालाही तक्ते पाठ करायला सांगत नाही.

मग उत्तर. नळीचं पुढचं तोंड ध्रुवताऱ्याच्या दिशेने अगदी किंचित ढकला. सूर्य आयपीसमध्ये ज्या बाजूला पळाला ती दक्षिण, त्याच्या समोरची उत्तर. इथे बरेच जण उलटं लावतात, त्यामुळे परत सांगतो, दुर्बीण उत्तरेला गेली म्हणजे सूर्य दक्षिणेला मागे राहिला.

दिवसा ध्रुवतारा कुठून आणायचा?

खान्देशात तो क्षितिजापासून साधारण २१° वर असतो, कारण आपला अक्षांशच तेवढा (जळगाव सुमारे २१.०°, नंदुरबार थोडं जास्त, धुळे थोडं कमी). हात पूर्ण लांब करून पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत साधारण २०° भरतात, म्हणजे उत्तर क्षितिजावर एक वीत. तेवढं पुरतं.

खरी उत्तर दिशा मात्र नीट काढा. मोबाईलचा कंपास लोखंडी ट्रायपॉडजवळ किंवा स्लॅबच्या सळ्यांवर काहीही दाखवतो. त्यापेक्षा आपली जुनी शंकूची पद्धत चांगली, सपाट जागेवर सरळ काठी रोवा, तिच्याभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं तिथे एक खूण आणि दुपारनंतर परत शिवतं तिथे दुसरी, दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. गच्चीवर एकदाच ऑइलपेंटने मारून ठेवा. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता, तसा १२०७ चा शिलालेख तिथे आहे, त्यामुळे काठी आणि सावलीवरून दिशा काढणं हे या मातीतलंच काम आहे असं मला मनापासून वाटतं.

कागदावर प्रतिमा पाडली तर उत्तर कुठे येते?

रिफ्रॅक्टर, मागे सरळ आयपीस, डायगोनल नाही, आणि तुम्ही सूर्याकडे पाठ करून कागदाकडे बघताय असं धरलं तर (हिवाळ्यातल्या दुपारी) उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे येते, म्हणजे पालटलेलं. लोकांना हे पटत नाही, कारण आरसा तर एकही नाही, पण इथे पालटतो तो तुम्ही, आभाळाकडे बघायचं सोडून तुम्ही पाठ फिरवून उभे आहात. डायगोनल लावून पाडलं तर पालटलेलं परत सुलटं होतं.

चित्र काढायला कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा, मधून एक आडवी रेषा. प्रतिमा वर्तुळात बसवली की मोटर बंद करून एखादा ठळक डाग रेषेच्या एका टोकावर आणा आणि सरकू द्या. तो रेषेवरून सुटून वर किंवा खाली जात असेल तर पूर्ण कागद थोडा फिरवा, परत डाग टोकावर आणा, परत सरकू द्या. डाग शेवटपर्यंत रेषेवरूनच गेला की ती तुमची पूर्व-पश्चिम, आणि जिकडे गेला तिकडे लगेच 'प' लिहा, नंतर लिहू म्हणाल तर राहून जातं. प्रोजेक्शनला लहान रिफ्रॅक्टरच घ्या, श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्ह नको, नळीत उष्णता कोंडते. महागडा, भिंगं चिकटवलेला आयपीसही नको, जुना साधा हायगेन्स बरा. आणि आयपीस आणि कागद यांच्यामध्ये कुणी डोकं घालणार नाही यासाठी एक माणूस कायम उभा ठेवा.

पुठ्ठ्याला भोक पाडून बघितलं तर?

तिथे वर-खाली उलटं होतं आणि डावं-उजवं तसंच राहतं, म्हणजे हेही पालटलेलंच. ग्रहणात निंबाखाली जमिनीवर पडणाऱ्या चंद्रकोरी आभाळातल्या कोरीपेक्षा उलट्या दिसतात त्या याच्यामुळेच.

सकाळी डाग वर होता, संध्याकाळी बाजूला गेला. एवढ्या लवकर सूर्य फिरतो का?

नाही, सूर्याला स्वतःभोवती फिरायला पृथ्वीवरून बघता सरासरी २७ दिवस लागतात, म्हणजे डाग दिवसाला साधारण १३° सरकतो. तुम्ही बघितलं ते आपल्या क्षितिजामुळे. मार्च किंवा सप्टेंबरच्या शेवटी, दिवस-रात्र समान असताना, खान्देशात सूर्य उगवतो तेव्हा त्याची उत्तर कड सरळ वर नसून डावीकडे ६९° कललेली असते, जवळजवळ आडवीच. दुपारी ती वर येते आणि मावळताना उजवीकडे ६९°. हा आकडा अक्षांशावर अवलंबून आहे, लंडनला तोच ३८-३९° च्या आसपास येतो, म्हणून परदेशी पुस्तकातलं चित्र बघून 'सकाळी उत्तर थोडी डावीकडे' असं धरलं तर आपल्याकडे चुकतं. उगवताना आपल्याकडे पश्चिम कड जवळपास वर आणि पूर्व कड खाली असते, मावळताना बरोबर याच्या उलट.

आणि मे महिन्यात सगळंच बिनसतं, ते का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे आणि यावर नीट बोलायला हवं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, तोच शून्य सावलीचा दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे त्याच्याकडे बघायला तुम्ही उत्तरेकडे तोंड करून मान वर करता, आणि मग सूर्याची दक्षिण कड वर, उत्तर खाली, पूर्व उजवीकडे आणि पश्चिम डावीकडे. पुस्तकातलं 'उत्तर वर, पूर्व डावीकडे' या दिवसांत दुपारी पूर्ण उलटं होतं, आणि दुर्बिणीचा यात काहीच दोष नाही.

शून्य सावलीच्या दिवशी तर आणखी मजा, साडेबाराच्या आसपास सूर्य माथ्यावर असताना 'वर' म्हणजे काय हेच ठरत नाही, तुम्ही कोणत्या बाजूला तोंड करून वाकलात तसा सूर्य फिरलेला दिसतो. साध्या वर-खाली, डावी-उजवी फिरणाऱ्या माउंटवर (दुर्बिणीच्या स्टँडवर) तेवढ्या तासाभरात चित्र भराभर फिरतं, डॉब्सोनियन तर माथ्यावर नीट वळतच नाही. त्या दिवशी डागांचं चित्र काढायचं असेल तर सकाळी नऊच्या आत उरका, दुपारी काठीची सावली बघा. जुलैतला दिवस बहुतेक ढगातच जातो, त्यामुळे मेचा धरून ठेवा.

इक्वेटोरियल माउंटवर दुपारनंतरचे फोटो उलटे आले.

इक्वेटोरियल म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो तो माउंट. त्यातल्या जर्मन पद्धतीच्या माउंटवर सूर्य मध्यान्ह ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते, त्यात नळी आणि कॅमेरा १८०° फिरतात. फोटो फिरवून घ्या, पालटू नका. या माउंटचा मोठा फायदा असा की पलटवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, दिशा दिवसभर जागची हलत नाहीत.

मोबाईल किंवा कॅमेरा लावला तर?

मोबाईल आयपीसला धरला तर डोळ्याला दिसतं तेच येतं, डायगोनल असेल तर पालटलेलंच. डीएसएलआर डायगोनलशिवाय थेट जोडला, कॅमेरा सरळ धरलेला असला, तर रिफ्रॅक्टरमधून फोटो सरळ येतो, कारण भिंग चित्र उलटं पाडणार हे धरूनच कॅमेरा ते दाखवतो. ७०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या दुर्बिणीत सेन्सरवर सूर्य साडेसहा मिलिमीटरच्या आसपास पडतो. पालटलेला फोटो मोबाईलच्या एडिटमध्ये 'फ्लिप' केला की झालं, पण मूळ फाइल ठेवा आणि नावातच 'फ्लिप केलं' असं लिहा.

नासाच्या फोटोशी माझा फोटो का जुळत नाही? पालटून, फिरवून सगळं केलं.

कारण एसडीओ उपग्रहाच्या फोटोत वर असतो तो सूर्याचा स्वतःचा उत्तर ध्रुव, आणि तुम्ही सरकण्यावरून काढलेली उत्तर आकाशाची. दोन्हींमधल्या कोनाला पी म्हणतात. तो जानेवारीच्या ५ तारखेच्या आणि जुलैच्या ७ तारखेच्या आसपास शून्य असतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्याचा उत्तर ध्रुव पूर्वेकडे जवळपास २६° कलतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेकडे तेवढाच. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुमचा उत्तर-वर केलेला फोटो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने २६° फिरवा, एप्रिलमध्ये उलट दिशेने. मग डाग ओळीने जुळतात, आणि ते जुळताना बघायला फार छान वाटतं.

दुसरा एक कोन आहे, बी-शून्य. सूर्याचा अक्ष ७.२५° कललेला असल्याने मार्चच्या सुरुवातीला दक्षिण ध्रुव आपल्याकडे झुकलेला असतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तर. त्यामुळे मार्चमध्ये डागांची वाट उत्तरेकडे फुगलेली, सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे, आणि जून-डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जवळपास सरळ. रोजची चित्रं एकावर एक ठेवली की पोरांना ही कमान स्वतःच्या हाताने काढलेली दिसते.

दिशा लिहायला विसरलो, नुसत्या डागांवरून अंदाज येतो का?

बऱ्याचदा येतो. डागांच्या जोडीत पुढे चालणारा डाग पश्चिमेकडचा, तो सहसा मोठा आणि जास्त टिकणारा, आणि मागच्यापेक्षा विषुववृत्ताच्या थोडा जवळ असतो. सगळ्याच जोड्या हा नियम पाळत नाहीत, म्हणून एका जोडीवरून ठरवू नका.

ग्रहणात चंद्र कोणत्या बाजूने शिरतो?

पश्चिम कडेने, कारण चंद्र आकाशात सूर्यापेक्षा पूर्वेकडे सरकत असतो. बुधाचं अधिक्रमण, म्हणजे बुध सूर्यबिंबावरून जातो ते, याच्या उलट, बुध पूर्व कडेने शिरतो. ९ मे २०१६ ला आपल्याकडे दुपारी पावणेपाचच्या सुमाराला तो शिरला तेव्हा सूर्य पश्चिमेला कललेला होता, त्यामुळे पूर्व कड वरच्या बाजूला होती. पुढचं बुधाचं अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ ला. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे, संध्याकाळकडे, तेव्हा पश्चिम कड खालच्या बाजूला असेल, पोरांना आधीच सांगून ठेवा की घास खालून सुरू होतो. पाऊस उघडला तर.

एच-अल्फा दुर्बिणीत (हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवते ती)?

बहुतेकांत ब्लॉकिंग फिल्टर डायगोनलमध्येच असतो, म्हणजे पालटलेलं. कडेवरची ज्वाला सांगताना 'वर डावीकडे' म्हणू नका, ईशान्य कड, नैऋत्य कड असं सांगा, म्हणजे धुळ्याचा माणूस रावेरच्या माणसाला फोनवर सांगू शकतो.

भुसावळच्या उन्हात डाग नुसते थरथरतात, दिशा काय कळणार?

काळी मोकळी रानं, पत्र्याची छपरं, सिमेंटची गच्ची, दहा वाजले की सगळं तापतं आणि हवा उकळल्यासारखी हलते. सकाळी लवकर बघा, गवतावर किंवा पाण्याकाठी दुर्बीण लावा. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याच कारणासाठी, पाण्यावर हवा शांत राहते. आपल्याकडे हतनूर किंवा वाघूरचा काठ आहेच.

जुन्या वहीतल्या चित्रांवर फक्त तारीख आणि वेळ आहे. आता काही होऊ शकतं?

हो, टाकू नका. २०१० नंतरची तारीख असेल तर एसडीओचा त्या दिवसाचा फोटो मिळतो, त्याआधीची असेल तर कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासूनची सूर्याची छायाचित्रं आहेत आणि ती डिजिटल केलेली आहेत. चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवा, आधी सरळ बाजूने फिरवून बघा, नाही जुळलं तर कागद उलटा करून फिरवा, दोन्हींपैकी एकाने जुळतंच. जुळलं की पेन्सिलीने उ, पू, द, प लिहा, कोणती दुर्बीण होती ते आठवत असेल तर तेही, आणि 'दिशा नंतर काढल्या' असं शेजारी लिहून ठेवा.